आजींचा आवाज जाड का झाला?

गेल्या पावसाळ्यात आम्ही नाणे मावळातल्या एका आजींकडे जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला गेलो होतो. पावसानं जरा उघडीप दिली तेवढ्यात वीस मिनिटं मिळाली. लोणावळ्याला येऊन गटाच्या कॉम्प्युटरवर लावलं, तर आवाज जाडाभरडा आणि जातं दमल्यासारखं. आजींना ऐकवलं, तर म्हणाल्या, "ह्यो माजा आवाज न्हाई, ह्यो तर आमच्या दिराचा!" आम्ही हसलो खऱ्या, पण पोटात गोळा आला. आजींना आता दम लागतो. पुन्हा गा म्हणायला तोंड नव्हतं.

आपल्या मावळ-मुळशीच्या बायांच्या ओव्या गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावच्या बायांना सोबत घेऊन वर्षानुवर्षं गोळा केल्या. सगळ्या मिळून लाखाच्या वर. कागदावर शब्द उतरतात, गळा उतरत नाही. म्हणून आम्हाला आजींचा गळाच हवा होता.

आधी वाटलं माइक बिघडला. मग वायर बदलली. एकीनं सुचवलं, आवाज थोडा बारीक करणारं बटण दाबू आणि त्याच फाईलवर सेव्ह करू. बरं झालं, दाबलं नाही. एकुलत्या एका फाईलवर प्रयोग करायचा नसतो. आधी तिची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली.

खरा धागा सापडला तो घड्याळामुळे. गाणं सुरू होताना आणि संपताना वेळ बोलून ठेवायची आमची सवय आहे. बोललेल्या वेळेप्रमाणे 20 मिनिटं झाली होती. फाईल मात्र 21 मिनिटं 46 सेकंदांची. माइक बिघडला तर आवाज खरखरेल, पण वेळ वाढणार नाही.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटर आवाजाचे दर सेकंदाला हजारो नमुने घेतो. याला सॅम्पल रेट म्हणतात. गाण्यांच्या सीडीत तो 44,100 असतो, व्हिडिओच्या कामात बहुधा 48,000. आमच्या यूएसबी साउंड कार्डाला 48,000 एवढाच जमतो. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमनं मागितला 44,100. कार्डानं आपल्या चालीनं 48,000 दिले आणि प्रोग्रॅमनं फाईलवर चिठ्ठी लावली 44,100 ची. म्हणजे पोत्यात इंद्रायणी 48 किलो आणि चिठ्ठी 44 ची. चिठ्ठी बघून वाढलं तर पोतं जास्त दिवस पुरणारच. तसं गाणं लांबलं, आणि लांबलं म्हणून सूर उतरला. उलटं झालं असतं, तर आजी लहान पोरीसारख्या चिरक्या ऐकू आल्या असत्या.

लिनक्सवर हे तपासता येतं. रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि प्रॉक नावाच्या फोल्डरात जायचं. त्यात असाउंड, त्यात आपल्या कार्डाचं फोल्डर, त्यात पीसीएमचं, ज्याच्या शेवटी सी अक्षर आहे ते. पी असेल तर ते ऐकण्याचं, सी असेल तर रेकॉर्डिंगचं. त्याच्या आत सब-झिरो, आणि तिथे एचडब्ल्यू-पॅराम्स ही फाईल. तिच्यात रेटसमोर लिहिलेला आकडा खरा. रेकॉर्डिंग बंद असेल तर नुसतं क्लोज्ड दिसतं. आम्ही पहिल्यांदा तेच बघून घाबरलो होतो.

आता दुरुस्ती. ऑडासिटीत नक्कल उघडली. ट्रॅकच्या नावावर दाबलं की यादी येते, तिथे रेट 48,000 केला. बस्स. रिसॅम्पल नावाचं दुसरं एक काम आहे, नाव सारखंच वाटतं, पण ते नको. ते दाणे नव्यानं मोजून देतं, चूक तशीच ठेवून. आपल्याला फक्त चिठ्ठी बदलायची होती. फाईल 20 मिनिटांवर आली. मग ती 48,000 वरच नव्या नावानं साठवली. पुढच्या वेळेसाठी प्रोग्रॅममध्येही 48,000 करून ठेवलं.

त्या रविवारी पुन्हा गेलो. आजींनी कानाला हेडफोन लावला आणि पहिली ओवी होईपर्यंत काहीच बोलल्या नाहीत. दुसरीला हळूच सोबत गुणगुणू लागल्या. मग हेडफोन काढून सुनेच्या कानाला लावला.