परदेशचा पैसा घरी येताना

श्रोतेहो, साताऱ्याचा गिरणी कामगार मुंबईहून मनिऑर्डर करी, तेव्हा हिशेब उघडा असे. कमिशन पुढेपुढे शेकडा ५ रुपये झाले, पण पावतीवर दिसे. आज सांगलीकडचा मुलगा दुबईहून पैसे धाडतो. बँकेची फी दिसते. चलनाच्या भावातली गळती दिसत नाही. दिरहमामागे २५ पैसे कमी मिळाले, की २,००० दिरहमांवर ५०० रुपये गेले! म्हणून त्याला कळवा: ‘बाबा, घरच्या खात्यात नेमके किती रुपये पडतील, हे दोन-तीन ठिकाणी विचार. चारदा थोडे धाडू नकोस. एकदाच धाड, फी एकदाच लागेल.’ हवालावाला स्वस्त सांगेल, पण ते बेकायदा. रक्कम बुडाली तर दाद कुणाकडे मागणार? मुलगा सिंगापुरात असेल, तर काही बँकांतून २०२३ पासून यूपीआयची सोय आहे. आणि गुरुजी, हा दिरहमाचा हिशेब वर्गात फळ्यावर एकदा मांडाच.