डब्यातला टोमॅटो

नारायणगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात भाव कोसळला म्हणजे क्रेटच्या क्रेट टोमॅटो रस्त्यावर ओतले जातात. तोच टोमॅटो आटवून डब्यात भरावा म्हटले, तर घरची वडीलधारी विचारतात, "डब्यातल्या जिनसेत कस तो काय राहणार?"

विचारणे रास्त आहे. टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव भाग पाणीच. ते आटवले की पेस्ट होते. 'क' जीवनसत्त्व उष्णतेने नासते. शंभर ग्रॅम ताज्या फळात ते सुमारे १४ मिलिग्रॅम, आणि चार-पाचपट आटवलेल्या पेस्टमध्ये जेमतेम २२. म्हणजे पुष्कळसे गेलेच की! पण टोमॅटोला लाली देणारे लायकोपीन टिकते. ते ३ मिलिग्रॅमवरून २५-३० वर जाते. शिवाय शिजताना फळाच्या पेशी फुटतात, अन् तेलाच्या सोबतीने ते अंगी अधिक लागते. १९९७ साली जर्मनीत प्रयोग करून हे पाहिले गेले. तेव्हा पेस्ट फोडणीत परतूनच आमटीत घाला. 'क' साठी वरून लिंबू पिळा.

गुरुजींनी मुलांना डब्यावरची बारीक अक्षरे वाचायला लावावीत. केचप म्हणजे पेस्ट नव्हे. त्यात साखर-मीठ फार. पेस्टमध्येही मीठ असेल, तर आमटीतले कमी करावे. फुगलेला डबा फुकट मिळाला तरी नको. उघडल्यावर उरलेली पेस्ट काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवावी. फ्रीज नसेल, तर एका वेळेला संपेल एवढाच लहान डबा आणावा.