दुसऱ्या नंबरची पानं
(स्नेहमेळाव्यातील भाषण, थोडं आवरून)



संयोजकांनी मला सांगितलं, "दहा मिनिटं बोल. विषय तुझ्या आवडीचा घे, फक्त रक्तदाब आणि मधुमेह नको, त्यावर दोघं आधीच बोलणार आहेत." म्हणून मी पत्त्यांवर बोलणार आहे. सहलीच्या बसमध्ये जप्त झालेला कॅट परत मागायला मी उभा नाही, तेव्हा सरांनी निश्चिंत असावं. पैसे लावून खेळा असंही मी सांगणार नाही. आमच्याकडे चिंचोके लावतात, आणि ते हरल्यावरही माणसं रात्रभर झोपत नाहीत.

माझा प्रश्न एवढाच आहे. पत्त्यांत माणूस बुडतो तो कोणत्या पानांवर? आपल्याला वाटतं, वाईट पानांवर. पण वाईट पानं आली की आपण ती टाकून देतो, नुकसान दोन-चार चिंचोक्यांचं. बुडवतात ती चांगली पानं, जेव्हा समोरच्याकडे त्याहून थोडी बरी असतात तेव्हा. दुसऱ्या नंबरची पानं सगळ्यात महाग पडतात.

याचा एक गाजलेला डाव आहे. १९८८ साल, लास वेगासमधली पोकरची जागतिक स्पर्धा, अंतिम फेरी. एका बाजूला जॉनी चॅन, आदल्या वर्षीचा विजेता. दुसऱ्या बाजूला एरिक सायडेल, तेव्हा नवखा. या खेळात प्रत्येकाला दोन पानं झाकलेली मिळतात आणि मधे पाच पानं सगळ्यांसाठी उघडतात: आधी तीन, मग एक, मग एक. पहिली तीन आली राणी, दश्शी आणि अठ्ठी. सायडेलच्या हातात राणी आणि सत्ती होती, म्हणजे राणीची जोडी झाली. दोघांच्याच खेळात ही पानं उत्तम. चॅनकडे होते गुलाम आणि नव्वी. अठ्ठीपासून राणीपर्यंत सलग पाच पानं, सिक्वेन्स तयार!

चॅनने काय केलं? सायडेलने बोली वाढवली, ती त्याने नुसती स्वीकारली. चौथं पान दुर्री आलं, तेव्हा तो काहीच न लावता थांबला. सायडेलने आपल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. त्या क्षणी पाचवं पान कोणतंही आलं असतं तरी सायडेल जिंकू शकत नव्हता. पहिलं बक्षीस सात लाख डॉलरचं होतं. पुढे १९९८ साली ‘राउंडर्स’ या चित्रपटात हा डाव दाखवला गेला आणि जगभर माहीत झाला. सायडेलचं त्याने काही बिघडलं नाही. तो पुढे मोठा खेळाडू झाला आणि २०१० साली पोकरच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

आता आपली चांगली पानं हरलेली असू शकतात, हे ओळखायचं कसं? मी चार प्रश्न विचारतो.

पहिला, समोर किती जण आहेत? आपल्या दिवाळीतली तीन पत्ती घ्या. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यात जोडीपेक्षा भारी संच, म्हणजे कलर, सिक्वेन्स, प्युअर सिक्वेन्स आणि ट्रेल मिळून, १,९१६ आहेत. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी असेल तर एका माणसाकडे तुमच्यापेक्षा भारी पानं असण्याची शक्यता ढोबळमानाने नऊ टक्के. समोर पाच जण असतील तर त्यांतल्या कोणाकडे तरी ती असण्याची शक्यता छत्तीस टक्क्यांच्या आसपास जाते. पोकरमध्ये दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध १०० पैकी ८५ वेळा जिंकतात. नऊ जण शेवटपर्यंत बसले तर ३१ वेळाच. तुमची पानं तीच, गर्दी वाढली.

दुसरा, उघड्या पानांनी कोणाला काय मिळू शकतं? मधे तीन इस्पिक पडली असतील तर कोणाचा तरी कलर झालेला असू शकतो. राणी, दश्शी, अठ्ठी अशी जवळजवळची पानं असतील तर सिक्वेन्सची वाट मोकळी आहे. स्वतःच्या पानांकडे दहाव्यांदा बघून काही कळत नाही, ती बदलत नाहीत. बघायचं ते टेबलाकडे.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझ्यापेक्षा हलकी पानं घेऊन हा माणूस असा वागला असता का? तीन पत्तीत न बघता खेळणाऱ्याची चाल काहीच सांगत नाही, त्यालाच ठाऊक नसतं. पण पानं बघून, दुप्पट रक्कम मोजून, जो गप्पपणे चाल देत राहतो, तो काहीतरी सांगतोय. संध्याकाळभर पानं टाकणारे आमचे एखादे शांत काका अचानक बोली वाढवतात, तेव्हा तिथे संशोधनाची गरज नसते.

चौथा, किंमत काय? इथे गणिताच्या बाईंची आठवण येते. समजा माझ्याकडे दोन एक्के आहेत आणि मधे वेगवेगळ्या रंगांचे राजा, अठ्ठी, चौकी. डावात १,००० चिंचोके आहेत आणि समोरच्याने आपले उरलेले ५०० लावले. मला ५०० घालायचे आहेत, तर एकूण २,००० होतील. म्हणजे चारांत एकदा जिंकलो तरी सौदा बरोबरीत सुटतो.

आता मोजू. तो सावध खेळाडू आहे, एवढं तो दोन राजे, दोन अठ्ठ्या, दोन चौक्या किंवा एक्का-राजा असतानाच लावेल. पहिल्या तिघांपैकी प्रत्येक जोडी तीन प्रकारे येऊ शकते, असे नऊ प्रकार, आणि तिथे मी हरलेलो आहे. एक्का-राजा सहा प्रकारे येतो, कारण दोन एक्के माझ्याकडे आहेत आणि एक राजा मधे. तिथे मी पुढे आहे. पंधरात सहा, म्हणजे चाळीस टक्के. बहुधा मी हरलेलोच आहे, तरीही ५०० घालणंच योग्य, कारण मला पंचवीसच टक्के हवे होते. तोच माणसाचा स्वभाव बदला. तो राजा-राणीवरही एवढं लावणारा असेल तर आणखी बारा प्रकार माझ्या बाजूला येतात आणि मी बिनघोर पुढे आहे. आणि ते शांत काका असतील, एक्का-राजावरही एवढं न लावणारे, तर दोन एक्के मुकाट्याने टाकायचे. पानं तीच, टेबल तेच, माणूस वेगळा म्हणून उत्तर वेगळं.

म्हणून भित्रेपणाही बरोबर नाही. दर वेळी "त्याच्याकडे भारीच असेल" म्हणून चांगली पानं टाकणारा हळूहळू, पण नक्की हरतो.

मित्रांनो, हे इथे सांगण्याचं कारण आहे. आपली मुलं, काहींची नातवंडं, मोबाइलवर पैसे लावून असले खेळ खेळत होती. २०२५ साली संसदेने असे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी घालणारा कायदा केला. पण कायद्याने मोह जात नाही. मुलाला नुसतं "जुगार वाईट" म्हटलं तर तो मान डोलावतो आणि दार लावून घेतो. त्यापेक्षा एका रविवारी वाटीभर चिंचोके घेऊन त्याच्याशी खेळायला बसा. एक्क्यांची जोडी हातात असताना तो कसा हरतो हे त्याला बघू द्या, आणि मग त्याच्याबरोबर ते प्रकार मोजा. मी माझ्या घरी हे करतो. हातातली पानं चांगली आहेत म्हणून सगळं लावायचं नसतं, हे मुलांना मोजताना फार चटकन पटतं.

आपल्या वयाला तर हे जास्तच लागू आहे. कोणी निवृत्तीचे पैसे कुठे घालायचे ते ठरवतंय, कोणी राहतं घर विकायचं म्हणतंय. सौदा चांगला दिसत असेल, तर समोरचा एवढ्या आग्रहाने का देतोय, हा एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, म्हणजे माझी वेळ संपली. पोहे तयार आहेत असंही त्यात लिहिलंय.