नुकसान दिसण्याआधीची जोखीम

बाहेरून आलेला जलचर किती घातक, हे ठरवताना दोन वेगळे प्रश्न असतात: तो इथे रुजण्याची शक्यता किती, आणि रुजलाच तर नुकसान किती? चर्चा मात्र बहुधा दुसऱ्याच प्रश्नावर होते, कारण नुकसान डोळ्यांना दिसते. “अजून तर काही बिघडलेले नाही” हे म्हणणे म्हणूनच घातक. नुकसान न दिसणे म्हणजे जोखीम नसणे नव्हे.

काळ्या पट्ट्यांचा शिंपला मूळचा कॅरिबियन समुद्राच्या भागातला. आकाराने बोटाच्या पेराएवढा, पण महिन्याभरात वयात येतो; मचूळ आणि खारे, दोन्ही पाणी त्याला मानवते. भारतात तो १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला, पुढे मुंबईच्या गोदीतही. जहाजांच्या तळांवर, धक्क्यांच्या खांबांवर, पाणी ओढणाऱ्या नळांत त्याचे थर चढतात. 

जोखीम विरजणासारखी मोजावी लागते. चमचा लहान होता, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. दूध कोमट आहे का, हे पाहावे लागते. दूध थंड असेल तर एखादा चमचा वाया जातो, पण कोणी रोज घालत राहिले तर एखाद्या दिवशी दूध कोमट असतेच. बंदरात जहाजे रोज येतात. आणि लागलेल्या दह्यातून विरजण परत काढता येत नाही.

ऑस्ट्रेलियातील डार्विनला हे वेळेवर उमगले. १९९८ च्या पाहणीत तिथे हा शिंपला नव्हता. मार्च १९९९ मध्ये कलन बे येथील नौकातळावर तो एका चौरस मीटरमध्ये हजारोंनी सापडला. नुकसानीची वाट न पाहता नौकातळ बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडण्यात आले. आतले इतर जीवही मेले. ही किंमत मोठी होती, पण योग्य होती. शिंपला काही आठवड्यांत नष्ट झाला. नौकातळाला झडपांचे दरवाजे होते म्हणून हे जमले, उघड्या खाडीत जमले नसते. म्हणजे ‘आल्यावर हटवता येईल का’ हाही मोजमापाचाच भाग, आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो.

पुन्हा सांगायला हवे: हे मोजमाप नुकसान दिसण्याआधीचे आहे, म्हणून जीव येण्याच्या वाटांवरच लक्ष हवे. जहाजांचा तोल राखण्यासाठी टाक्यांत भरल्या जाणाऱ्या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा. तो अमलात आला २०१७ मध्ये. जहाजाच्या तळाला चिकटून येणारे जीव मात्र त्याच्या कक्षेत नाहीत. म्हणूनच डार्विनमध्ये बाहेरच्या नौका नौकातळात घेण्याआधी त्यांचे तळ तपासले जातात.