इम्प्लांट आणि ‘ऑफर फक्त रविवारपर्यंत’

आजचा विषय काहींना अवघडल्यासारखा वाटेल, पण हेडफोन असतील तर बिनधास्त ऐका.

“ब्रेस्ट इम्प्लांट, नो कॉस्ट ईएमआय, ऑफर फक्त रविवारपर्यंत.” खाली उलटं पळणारं घड्याळ. अशी जाहिरात तुमच्याही रील्समध्ये येऊन गेली असेल. शिवथरला घळीच्या रस्त्यावर रेंज येते-जाते, तिथेही ती पोचते. तिथल्याच एकीने मला स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, “ताई, करू का?”

करायचं की नाही हा तिचा प्रश्न. शरीर तिचं, पैसे तिचे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझं भांडण त्या घड्याळाशी आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते कसं बनतं ते मला माहितीये. पुष्कळदा मागे ऑफर संपणारच नसते. पान रिफ्रेश केलं की वेळ पुन्हा पहिल्यापासून. आणि फॉर्ममध्ये नंबर टाकलात की त्या सिस्टीममध्ये तुम्ही पेशंट नसता, ‘लीड’ असता. चपला विकायला हे ठीक आहे. नाही आवडल्या तर परत.

इम्प्लांट परत करता येत नाही, आणि ते जन्मभर टिकणारंही नाही. अमेरिकेचं एफडीए हे स्पष्ट सांगतं. सिलिकॉनचं असेल तर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी, मग दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा, आतल्या आत फुटलं नाही ना हे बघायला. काढायचं किंवा बदलायचं झालं तर परत ऑपरेशन. ईएमआय पहिल्या ऑपरेशनचा असतो, हा पुढचा खर्च रीलमध्ये नसतो. आता सर्जन पुण्याचा असेल तर शिवथरहून त्याच्याकडे जायचं वरंध घाटातून, आणि तो घाट पावसात किती वेळा बंद असतो ते महाड-पोलादपूरकरांना मी काय सांगू!

माल खराब निघाला तर? फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने स्वस्तात पडतं म्हणून इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकॉन भरलं. २०१० मध्ये ते पकडलं गेलं, तोवर जगभरात सुमारे तीन लाख बायकांच्या अंगात ते गेलेलं होतं. मालक जाँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. पण ज्यांच्या अंगात ते होतं त्यांना शोधून कळवणार कोण?

आपल्याकडे काय होतं ते खुब्याच्या सांध्याच्या प्रकरणात दिसलं. तो सांधा सौंदर्यासाठी नव्हता, पण इम्प्लांटच. जॉन्सन अँड जॉन्सनचा एएसआर सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला होता. सरकारी समितीने पुढे तपासलं तर त्यातल्या जवळपास ३,६०० जणांचा पत्ताच लागेना. सदोष मोबाईल परत मागवताना कंपनीकडे निदान तुमचा नंबर तरी असतो हो.

कायदा नाही असं नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात एक यादी आहे, त्यात स्त्रियांच्या छातीचा आकार हा विषय चक्क लिहिलेला आहे, आणि त्या कायद्यात ‘औषध’ म्हणजे शरीराच्या रचनेवर परिणाम करणारी वस्तूसुद्धा. डॉक्टरांनी जाहिरात करून पेशंट ओढणं २००२ च्या नियमांत अनैतिक ठरवलंय. पण वैद्यकीय परिषदेचा हात डॉक्टरच्या नोंदणीपर्यंत पोचतो. रील टाकणारी मार्केटिंग कंपनी डॉक्टर थोडीच आहे? ब्रिटनमध्ये २०१६ पासून डॉक्टरांना घाईघाईत निर्णय घ्यायला लावणाऱ्या ऑफर्स वापरता येत नाहीत, बक्षीस म्हणून ऑपरेशन देता येत नाही, आणि विचार करायला वेळ द्यावाच लागतो.

तिला मी एवढंच लिहिलं: रविवार जाऊ दे. फोनवरच्या काउन्सिलरशी नको, ऑपरेशन करणाऱ्या प्लास्टिक सर्जनशी बोल, त्याची नोंदणी बघ. पाच वर्षांनी तपासणी कुठे आणि कितीला, ते विचार. केलंस तर इम्प्लांटच्या खोक्यावरचा स्टिकर माग. त्यावर कंपनी, मॉडेल, लॉट आणि सिरीयल नंबर असतो. फोटो काढ, आणि कागद आईकडेही ठेव, फोन बदलतात.

ज्यांनी आधीच करून घेतलंय आणि काही त्रास होतोय, त्यांनी डॉक्टरकडे तर जाच, शिवाय तक्रारही नोंदवा. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा सरकारी कार्यक्रम चालतो. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. कॉल करताना तो स्टिकर समोर ठेवा, लॉट नंबर लागेल.