उद्योजकांचे मेळावे आणि पहिले गिऱ्हाईक



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी उद्योजकांच्या मेळाव्याचा विषय निवडावा, हे आपणांपैकी अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. निमंत्रण देण्यास आलेल्या चिटणीसांनाही ते वाटले. सौजन्यामुळे ते बोलले नाहीत एवढेच. परंतु ज्या गावात शाळेतून बाहेर पडलेला हुशार मुलगा पुण्याची किंवा बंगळूरची गाडी पकडतो आणि सणावारालाच परततो, त्या गावच्या शाळेत हा विषय परका मानता येणार नाही.

अलीकडे आपल्या भागात नवउद्योजकांचे, म्हणजे ज्यांना आता सर्वत्र 'स्टार्टअप' म्हणतात त्यांचे मेळावे वरचेवर भरतात. यशस्वी उद्योगपती येतात, आपली वाटचाल सांगतात आणि तरुणांच्या पाठीवर हात ठेवून जातात. अशा एका मेळाव्यास मी श्रोता म्हणून गेलो होतो. सारे कामकाज इंग्रजीत होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मराठी माध्यमातून शिकलेला एक तरुण उभा राहिला. यंत्रातील तेलाची गळती वेळीच ओळखणारे लहानसे उपकरण त्याने तयार केले होते. अडखळत्या इंग्रजीत त्याने विचारले, "माझे पहिले गिऱ्हाईक मला कोठे मिळेल?" व्यासपीठावरून उत्तर आले, स्वप्न मोठे ठेवा, अपयशाला भिऊ नका. टाळ्या झाल्या आणि तो खाली बसला. उत्तरात खोटे काही नव्हते, पण ते त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. सभागृहात गावातील पाचपंचवीस कारखानदार तरी बसलेले असावेत. त्यांपैकी कोणी "उद्या सकाळी ये, माझ्या यंत्राला लावून पाहू" असे म्हणाले नाही. माझे आजचे सारे म्हणणे त्या न उच्चारलेल्या वाक्याविषयी आहे.

आपल्या भाषेकडेच थोडे पाहा. 'उद्योग' हा शब्द संस्कृतात यत्नाचा, उद्यमाचा. मराठी घरात मात्र आई मुलाला म्हणते, "हे काय नसते उद्योग मांडलेस?" एखाद्याने दुसऱ्याच्या अडचणीचे 'भांडवल' केले म्हणजे तो वाईट. विद्येची 'दुकानदारी' झाली असे म्हणताना आपण दुकानदाराला विनाकारण ठोकतो. 'धंदेवाईक' ही तर शिवीच. ज्या समाजाने या शब्दांना इतका तिरपा अर्थ दिला, त्याच्या मुलाने घरी "मी नोकरी करणार नाही" असे सांगितले, तर जेवणाच्या पानावर काय शांतता पसरत असेल, याची कल्पना करा. तेव्हा चार प्रतिष्ठित माणसांनी त्या मुलाचे जाहीर कौतुक करावे याला मोल आहे, आणि ते मी नाकारीत नाही.

असे एकत्र येणे आपल्याकडे नवे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली. तेथे रानड्यांनी देशाभिमानाचे आवाहन करून भागविले नाही. जावा बेटात डच सरकारने रूढ केलेल्या पद्धतीचा अभ्यास त्यांनी मांडला. तेथे सरकार साखरेच्या कारखानदाराला आगाऊ भांडवल देई आणि तयार माल ठरल्या भावाने स्वतः उचली. त्या पद्धतीत शेतकऱ्यावर मोठा जुलूम झाला, हा तिचा काळा भाग आहेच. पण नव्या कारखानदाराला काय लागते, हे रानड्यांनी अचूक हेरले होते. त्याला पैसा लागतो आणि माल घेणारा लागतो.

आपल्या काळातील उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सिलिकॉन व्हॅलीत भारतीय वंशाचे काही उद्योजक एका भारतीय सरकारी अधिकाऱ्याची वाट पाहत बसले होते. त्यांच्या विमानाला उशीर झाला आणि रिकाम्या वेळात मंडळींच्या आपसांत गप्पा झाल्या. त्यांतून 'टाय' ही संस्था निघाली, असे तिचे लोक सांगतात. सुहास पाटील तिचे पहिले अध्यक्ष. अनुभवी उद्योजकाने नवख्याला आपला वेळ विनामूल्य द्यावा, ओळखी करून द्याव्यात, ही तिची रीत. विमान वेळेवर आले असते तर एक हारतुऱ्यांचा कार्यक्रम पार पडला असता आणि मंडळी घरी गेली असती, असे मला उगाच वाटते.

परंतु एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. याच बेळगावात लक्ष्मणराव आणि रामूअण्णा किर्लोस्कर या बंधूंनी सायकलींचे दुकान मांडले. किर्लोस्कर समूह आपला आरंभ १८८८ पासून मानतो. लक्ष्मणराव १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले. चित्रकार व्हावे म्हणून मुंबईस गेले, पण डोळ्यांना काही रंगांतील फरक कळेना, तेव्हा यांत्रिक रेखाटनाकडे वळले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. नांगर उत्तम होता, पण कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे आपण आज चरित्रात एका ओळीत वाचतो. मी मात्र विद्यार्थ्यांना त्या ओळीपाशी थांबवीत असे. दोन वर्षे म्हणजे दोन पेरण्या, दोन दिवाळ्या. कारागिरांचा पगार, भट्टीचा कोळसा, आणि दारासमोर उभे असलेले न विकलेले नांगर. आजच्या व्यासपीठांवर नेमका हाच काळ गाळला जातो. वक्ता गॅरेजपासून निघतो तो एकदम शेअर बाजारात पोहोचतो. श्रोत्यातील जो तरुण त्या मधल्या काळात अडकलेला असतो, त्याला वाटते की दोष आपल्यातच आहे.

पुढे बेळगाव नगरपालिकेमुळे किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली. त्यांच्या मदतीला औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. त्यांनी काय केले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. यमाईच्या देवळाच्या मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे सोपविले. कारखान्यासाठी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन दिली. बांधकामासाठी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पंतप्रतिनिधी कलाप्रेमी होते, कीर्तनकार होते. प्रेरणा देणारे भाषण त्यांना सहज करता आले असते. त्यांनी काम, जागा आणि पैसा दिला.

आणि आम्हा मराठीच्या लोकांना त्याचे फळ अनपेक्षितपणे मिळाले. १९२० मध्ये त्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. गिऱ्हाइकांना नांगराची माहिती देणारे ते पत्रक शंकरराव किर्लोस्करांनी मराठीतील एक अग्रगण्य मासिक बनविले. मागाहून 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. दुकानदारीला नाके मुरडणाऱ्या साहित्यिकांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा आजच्या मेळाव्यांकडून माझ्या अपेक्षा साध्या आहेत. वक्त्याने आपल्या न विकलेल्या नांगरांविषयी बोलावे. मराठीत किंवा कन्नडमध्ये प्रश्न विचारण्यास मुभा असावी. यंत्र हातांनी घडविणाऱ्याची परीक्षा इंग्रजी वाक्यरचनेत कशाला घ्यावयाची? आणि उद्यमबागेतील फाउंड्रीवाले व सुटे भाग करणारे, ज्यांतील कित्येक याच शाळेच्या बाकांवर बसले, त्यांनी वर्षातून एखादे तरी चाचणीचे काम नवख्याला द्यावे. माल नापसंत पडला तर कारण लिहून परत करावा. पसंत पडला तर पैसे वेळेवर द्यावेत. नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. उशिरा येणाऱ्या पैशाने जितके लहान कारखाने बुडाले असतील, तितके अपुऱ्या स्वप्नांनी बुडाले नसावेत.

मघाशी उल्लेखिलेल्या तरुणाने पुढे काय केले, असे आपण विचाराल. तो अद्याप गावातच आहे, उपकरण अद्याप त्याच्या पिशवीत आहे आणि घरून नोकरीचा आग्रह वाढतो आहे. चिटणीसांच्या परवानगीने शाळेच्या कार्यालयात मी एक वही ठेवली आहे. तिच्या एका पानावर अशा माजी विद्यार्थ्यांची नावे व त्यांनी काय घडविले ते लिहिले आहे. समोरचे पान कारखानदारांसाठी कोरे आहे. चहापानाच्या वेळी ती दारापाशी असेल.