घरची मोटार आणि येणारे बाळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने ठरवले, तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. पण विषयही त्यांनीच सुचवला. आमच्या सूनबाईला दिवस गेले आहेत आणि त्याच सुमारास घरात मोटार घ्यायचे ठरले, हे आळीत सर्वांना ठाऊक आहे. चार महिने आमच्या घरी याच गोष्टीचा काथ्याकूट चालला होता. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच माझा हेतू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगते. मोटार ही प्रत्येक घरी हवीच असे मुळीच नाही. ज्या घरी ती नाही त्या घरच्या लेकीसुनेने कमीपणा मानू नये. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेण्यासाठी आणि बाळंतपण झाल्यावर घरी पोचवण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी मोफत मिळते. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती सोय आहे. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ची गाडीही आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. म्हणून मी तर म्हणेन, दारात मोटार उभी असली तरी रक्तस्राव होऊ लागला किंवा झटके आले, तर आधी १०८ला फोन करावा. आपली मोटार माणूस नेते. उपचार करीत नाही.

तरीही आपल्या जिल्ह्यात अंतरे मोठी. झरी-जामणीची किंवा उमरखेडची बाई यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात यायची म्हणजे दिवस जातो. तिथूनही पुढे पाठवले तर सावंगी, सेवाग्राम नाही तर नागपूर. आपली शकुंतला बंद पडली. २०२४च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब मोठी गाडी सुरू झाली, त्याचा आनंद आहे. पण अपरात्री कळा सुरू झाल्या तर वेळापत्रक काय कामाचे? शिवाय सूनबाईचे माहेर पुसदकडचे, आणि पहिले बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. जाणे-येणे वाढणार, बाळाच्या लसी असणार. म्हणून आम्ही मोटार घ्यायचे ठरवले.

ठरले खरे, पण घरात माणसे पाच आणि मते सहा! आमच्या ह्यांचे म्हणणे, सात जण बसतील अशी घ्या, लग्नाकार्याला सगळे एकदम जातील. मुलाला हवी उंच, वर छताला खिडकी असलेली. सासूबाईंचे म्हणणे, जुनी घ्या, पैसा बाळंतपणाला राहू द्या. मी कोणत्याच बाजूला नव्हते. सूनबाई मात्र एकच प्रश्न विचारी, “आई, यात बाळ कुठं बसणार?” खरे सांगायचे तर त्या प्रश्नाने आमचा सगळा हिशेब बदलला.

आम्ही दोघी मुलासोबत एका शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता सगळे बोलणे मुलाशी करी. छत उघडून दाखवले, गाणी वाजवून दाखवली. सूनबाईने विचारले, “मागच्या सीटला बाळाची बैठक अडकवायचे हूक आहेत का?” तर तो हसून म्हणाला, “ताई, बाळ तर तुमच्या मांडीवरच बसेल ना!” आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. मैत्रिणींनो, गाडी विकणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल, तर दुसरे दुकान पाहावे. ते हूक ज्याला म्हणतात ते आयसोफिक्स. मागच्या सीटच्या पाठीत, बसण्याची गादी आणि टेकण्याची गादी मिळतात तिथे बोटे घालून पाहिले तर लोखंडी कड्या हाताला लागतात. आपल्या हाताने चाचपून पाहावे, कोणाच्या शब्दावर जाऊ नये.

आता मांडीविषयी बोलते, कारण घरात खरा वाद तोच होता. सासूबाई म्हणाल्या, “मायच्या मांडीपरीस लेकराले दुसरी चांगली जागा कोणती हाय वो? मी पाच लेकरं मांडीवरच नेली.” त्यांचे बोलणे मायेचे होते आणि बैलगाडीच्या, एस.टी.च्या काळात ते चालूनही गेले. पण आजच्या मोटारीचा वेग निराळा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी आदळली, तर न बांधलेले मूल आपल्या वजनाच्या ३० ते ६० पट जोराने पुढे फेकले जाते. पाच किलोचे बाळ धरा. म्हणजे दीडशे ते तीनशे किलोचा जोर. आपण कापसाच्या जिल्ह्यातल्या बाया. रुईची दाबलेली एक गाठ १७० किलोची असते. ती पुढे सुटली तर आपल्या दोन हातांना थोपवता येईल का? माया कितीही असो, हाताला तेवढे बळ नाही.

हे नुसते तोंडाने सांगून सासूबाईंना पटेना. तेव्हा मुलाने आपल्या मित्राची गाडी आणली आणि मोकळ्या मैदानात अगदी हळू चालवली. मी पट्टा लावून मागे बसले, मांडीवर पाच किलो कणकेची पिशवी. त्याने न सांगता ब्रेक दाबला. पिशवी हातातून निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली. हा नुसता ब्रेक, आदळणे नव्हे. सासूबाई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र मुलाला म्हणाल्या, “ते खुर्ची घेऊन टाक.” बैठक साधारण आठ हजारांत पडली.

बैठकीविषयी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, तान्ह्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवे. बाळाचे डोके जड आणि मान नाजूक; उलटे बसवले म्हणजे धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. निदान सव्वा वर्षापर्यंत असेच बसवावे, पुढेही बैठकीत मावते तोवर चालू ठेवावे. दुसरी, बैठक मागच्या सीटवरच लावावी. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते. ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उघडते आणि उलट्या बैठकीला आदळली तर वाचवणारी वस्तूच बाळाच्या जिवावर उठते. तिसरी, बैठकीवर प्रमाणाचे लेबल पाहून घ्यावे. आपल्या देशाचे प्रमाण एआयएस ०७२ हे आहे. केवळ रंगीत चित्रे आणि मऊ गादी पाहून घेऊ नये.

कायदाही हेच सांगतो. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातील १९४-ब कलमाप्रमाणे चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बाळाच्या बैठकीत बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाची भीती मी घालीत नाही. जे दंडासाठी करायचे ते बाळासाठी करू या.

गाडी मजबूत की नाही हे पत्रा ठोकून कळत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशातच गाड्या आदळवून पाहण्याची परीक्षा सुरू झाली आहे; तिला भारत एनकॅप म्हणतात. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी समोरून आदळवतात. आत मोठ्या माणसांचे पुतळे असतात, तसेच दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या बाळांचेही पुतळे असतात. मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण देतात आणि त्यावरून तारे ठरतात. परीक्षेला बसणे कंपनीच्या मर्जीवर असते, म्हणून सगळ्याच गाड्यांचा निकाल सापडेल असे नाही.

यातली खुबी अशी की मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे. दुकानदार मोठ्यांचे तारे सांगतो. टाटा नेक्सॉनचेच पाहा. २०१८ साली ग्लोबल एनकॅपच्या परीक्षेत मोठ्यांसाठी पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. पण तेव्हा मुलांसाठी तिला तीनच तारे होते. पुढे २०२४ साली भारत एनकॅपमध्ये नव्या नेक्सॉनला दोन्हींकडे पाच मिळाले. म्हणजे नाव तेच, वर्ष निराळे आणि निकालही निराळा. जुनी गाडी घेताना हे विशेष पाहावे. ज्यांच्या घरी बाळ येणार त्यांनी विचारावे, “मुलांचे तारे किती, आणि परीक्षा कोणत्या साली झाली?”

आईच्या पट्ट्याविषयीही बोलले पाहिजे. पोटावर दाब पडेल म्हणून पुष्कळ गरोदर बाया पट्टा लावीतच नाहीत. पण लावण्याची रीत आहे. खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडांवर बसवावा. आडवा पट्टा खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या बाजूने न्यावा. पोटावरून पट्टा कधीही नसावा. आई सुरक्षित तर पोटातले बाळ सुरक्षित. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे, आणि महिने भरत आले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असेही पुष्कळ म्हणतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी महाग होती. पट्टा गाडीबरोबर फुकटच मिळालेला होता.

आता पैशाचे. दुकानातली किंमत आणि रस्त्यावरची किंमत यांत फार अंतर असते. आपल्या राज्यात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के आणि डिझेलवर १३ टक्के कर एकदम भरावा लागतो. शिवाय नव्या गाडीला तीन वर्षांचा तिऱ्हाइताचा विमा घ्यावाच लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तो मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. हे ऐकल्यावर आमच्या ह्यांचा सात जणांच्या गाडीचा हट्ट आपोआप सैल झाला.

हप्त्याचा हिशेब मी स्वतः वहीत मांडला. पाच लाख रुपये नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे १०,४०० रुपये हप्ता आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या आत. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ८,००० वर येतो, पण व्याज पावणेदोन लाख होते. लहान हप्ता गोड वाटतो. पन्नास हजार जास्त जातात ते दिसत नाहीत. आणि आपला कापूस एखाद्या साली बोंडअळी खाते, एखाद्या साली पाऊस. म्हणून बाळंतपणाची रक्कम आधी पोस्टात वेगळी ठेवली आणि उरले त्यात बसेल तीच गाडी पाहिली. छताची खिडकी सोडली, सहा एअरबॅग घेतल्या.

ज्यांना जुनी घ्यायची आहे त्यांनीही मन लहान करू नये. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी सोडावी. पट्टे पूर्ण ओढून, झटका देऊन पाहावेत. जुलै २०२३ मध्ये महागावकडे केवढा पूर आला होता ते आपण विसरलो नाही. पाण्यात बुडालेली गाडी पुसून पुन्हा विकायला येऊ शकते. चटई उचलून वास घ्यावा, सीटच्या खालचे लोखंड गंजले आहे का ते पाहावे. बँकेचा बोजा उतरल्याचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गाडी आल्यावर सजावटीचा मोह होतो. पुढे लोखंडी गार्ड लावू नये. धक्का शोषून घेणारा भाग त्याने अडतो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येतो. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर साधे कव्हर घालू नये. पट्ट्याची घंटी बंद करणारी क्लिप बाजारात मिळे. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना तिची विक्री थांबवायला लावली. आणि आपल्या उन्हाळ्यात बंद गाडीत बाळाला दोन मिनिटेही ठेवू नये. काच थोडी उघडी ठेवून भागत नाही.

आमची गाडी कोणती, ते मी सांगत नाही. नाही तर भाषणाची जाहिरात होईल. प्रत्येकीचे घर वेगळे, गरज वेगळी.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. तान्ह्या बाळाची बैठक वर्षा-दीड वर्षात लहान होते आणि मग माळ्यावर पडून राहते. मंडळाने दोन बैठका घ्याव्यात आणि ज्या घरी बाळ येणार त्या घरी पाळीपाळीने द्याव्यात. पाळणा देतो तशाच. भाड्याच्या गाडीतून बाळ घरी नेणाऱ्यांनाही त्या उपयोगी पडतील. अट एकच, बैठक अपघातात सापडलेली नसावी, पट्टे धड असावेत आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी. आमचे बाळ मोठे झाले की आमची बैठक मी मंडळाला देईन, हे आजच सर्वांसमोर सांगून ठेवते. दुसरीसाठी वर्गणी काढावी. ज्यांना द्यायची असेल त्यांनी चहाच्या वेळी खजिनदारबाईंकडे नाव लिहावे.